‘फक्त प्रोटीन घेतो’ असं डॉक्टरांना सांगू नका

नाशिकच्या सिडकोतल्या ज्या जिममध्ये मी पोरांना शिकवतो, तिथे नवा कोणी आला की मी दोन गोष्टी विचारतो. कुठे दुखापत झालीय का, आणि आजवर स्टेरॉइडसारखं काय काय घेतलंय. दुखापतीचं सगळे खुलून सांगतात, मोबाइलमधला एक्स-रेसुद्धा दाखवतात. दुसऱ्या प्रश्नाला नजर खाली जाते आणि उत्तर येतं, “काही नाही सर, फक्त प्रोटीन.” हेच वाक्य तो उद्या डॉक्टरांपुढे म्हणतो आणि तिथे ते महागात पडतं.

मी म्हटलंय हे वाक्य. चोवीस वर्षांचा होतो. पाठभर मोठाले फोड आणि रोजची डोकेदुखी, म्हणून आई घरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बीपी निघालं १६०/१००. डॉक्टरांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा तेच. “व्यायामासाठी काही घेतोस का रे?” आई शेजारच्या स्टुलावर बसलेली, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी म्हणालो, फक्त प्रोटीन. मग एवढ्या कोवळ्या वयात बीपी का, म्हणून किडनीची सोनोग्राफी झाली, लघवीच्या तपासण्या झाल्या, इको झाला. दोन महिने सगळे कारण शोधत होते आणि कारण माझ्या जिमच्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. त्या तपासण्यांना आईच्या भिशीचे पैसे गेले. ते आजही माझ्या मनातून जात नाही.

स्टेरॉइड घेऊ नका, हे मी जिममध्ये रोज सांगतो आणि इथेही सांगतो. पण ज्यांनी घेतलंय, घेताहेत किंवा घेऊन थांबलेत आणि आता डॉक्टरांकडे जायचंय तर तोंड उघडत नाही, त्यांनी काय करायचं, ते पुढे लिहितोय.

आधी आपण काय घेतलं ते नीट जाणून घ्या

‘स्टेरॉइड’ हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या औषधांना वापरतो. दमा, सांधेदुखी, अ‍ॅलर्जी यांसाठी डॉक्टर देतात ती प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट ही कॉर्टिकोस्टेरॉइडं. कोविडच्या काळात घरोघरी नाव झालं ते यांचंच. जिममधली ती अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडं: टेस्टोस्टेरॉन, डेका म्हणजे नॅन्ड्रोलोन, डायना म्हणजे मेथॅन्डियनोन, स्टॅनोझोलोल, ऑक्झान्ड्रोलोन. ट्रेनबोलोन आणि बोल्डेनोन तर जनावरांसाठी बनलेली औषधं आहेत. त्यामुळे नुसतं “स्टेरॉइड घेतलं” एवढं सांगून भागत नाही. डॉक्टरांच्या डोक्यात दुसरंच औषध येऊ शकतं.

या घोटाळ्यात सगळ्यांत जास्त फसतात ती बारीक पोरं. अंगावर मास चढावं म्हणून कोणीतरी पुडीत बांधून गोळ्या देतं. अशा ‘जाड होण्याच्या’ गोळ्यांत बऱ्याचदा डेक्सामेथासोन असतं आणि भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडिन असतं. चेहरा गोल होतो, वजन वाढतं, घरचेही खूश होतात. ही गोळी बरेच आठवडे घेतली असेल तर एका दिवसात बंद करू नका. शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल हे हार्मोन बनवणं कमी केलेलं असतं आणि औषध अचानक तोडलं तर चक्कर, उलट्या, बीपी खाली जाणं, इथवर प्रकरण जाऊ शकतं. डोस टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो आणि ते काम डॉक्टरांचं. पुडीतली एक गोळी शिल्लक ठेवून दाखवायला न्या.

आणखी एक औषध आहे मेफेंटरमाइन. ते स्टेरॉइड नाही. भूल दिल्यावर पेशंटचं बीपी खाली गेलं की वर आणायला ऑपरेशन थिएटरमध्ये वापरतात. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर धावणारी भरतीची पोरं माझ्याकडे वजनं मारायला येतात, त्यांच्या बोलण्यात हे नाव येतं. १६०० मीटरला दम पुरतो, व्यायामाला जोर येतो, असं सांगून कोणीतरी टोचतं. नाडी आणि बीपी एकदम चढवणारं औषध आहे हे, सवयही लावतं. घेतलं असेल तर “स्टेरॉइड नाही, म्हणून सांगितलं नाही” असं मनात धरू नका. चरबी घटवायला घेतलेलं क्लेनब्युटेरॉल, इन्सुलिन, ग्रोथ हार्मोन, थायरॉइडच्या गोळ्या, स्टेजवर जाण्याआधी पाणी काढायला घेतलेली लघवीची गोळी, हे सगळं डॉक्टरांना सांगायच्या यादीत येतं. इन्सुलिनचं तर सगळ्यांत आधी सांगा. साखर अचानक खाली जाऊन माणूस दगावतो.

कागद लिहा

माझा सगळा भर या एका गोष्टीवर आहे. केबिनमध्ये गेल्यावर जीभ जड होते, हे मला ठाऊक आहे. म्हणून आदल्या रात्री घरी बसून एका कागदावर सगळं लिहा आणि खुर्चीवर बसल्या बसल्या तो कागद टेबलावर ठेवा. बोलणं आपोआप सुरू होतं.

आमच्याकडच्या एका पोराने लिहिलेला कागद असा होता:

वय २६, वजन ८४ किलो.
टेस्टोस्टेरॉन एनान्थेट २५० एमजी, आठवड्याला दोन, ११ आठवडे. शेवटचं इंजेक्शन ३ ऑगस्टला.
डायनाच्या गोळ्या १० एमजी, रोज तीन, पहिले पाच आठवडे.
टॅमॉक्सिफेन १५ दिवसांपासून, मित्राने सांगितलं म्हणून.
क्रिएटिन रोज. केसांसाठी बायोटिन.
सुई दर वेळी नवी. बाटली दोघांत एक.
त्रास: डाव्या निपलखाली गाठ, दुखते. झोप लागत नाही. दारू महिन्यातून दोनदा.

टॅमॉक्सिफेन हे मुळात स्तनाच्या कॅन्सरचं औषध, कोर्सनंतर पोरं ते आपल्या मनाने घेतात. मी सोबत गेलो होतो. डॉक्टर शांतपणे वाचत खाली आले आणि त्यांचं पेन ‘बाटली दोघांत एक’वर थांबलं. गाठीसाठी गेलेल्या पोराला त्यांनी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही तपासण्या लिहून दिल्या. सुई नवी असली तरी एकाच बाटलीत दोघांच्या सुया जात असतील आणि त्यांतली एखादी आधी वापरलेली असेल, तर रक्तातून पसरणारे आजार त्या बाटलीतून जाऊ शकतात. हे त्या पोराला माहीतच नव्हतं. रिपोर्ट निगेटिव्ह आले. हिपॅटायटिस बीची लस त्याने लगेच सुरू केली.

शेवटच्या इंजेक्शनची तारीख का लिहायची? एनान्थेटसारखं तेलातलं इंजेक्शन स्नायूतून हळूहळू रक्तात उतरतं. पाचव्या दिवशीचा आकडा आणि पस्तिसाव्या दिवशीचा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तारीख नसली की रिपोर्ट वाचता येत नाही. बाटलीचा आणि खोक्याचा फोटोही काढा, बॅच नंबर दिसेल असा. बिनबिलाच्या मालात लेबलवर लिहिलंय तेच आत असेल, याची खात्री कोणालाच नसते. म्हणून कागदावर “बाटलीवर असं लिहिलं होतं” असंच लिहा. डॉक्टर त्यातून समजून घेतात.

नाव आठवत नसेल तर रंग, बाटलीचा आकार, पाण्यासारखं होतं की तेलासारखं, तेवढं लिहा. काहीच न लिहिण्यापेक्षा ते बरं.

कोणाकडे जायचं, आणि आईला कुठे बसवायचं

आपल्या गावाची खरी अडचण ही आहे. घरचे डॉक्टर वडिलांचं बीपी बघतात, आजीचे गुडघे बघतात, बहिणीच्या लग्नाला जेवून गेलेले असतात. त्यांना कसं सांगायचं? माझं म्हणणं असं, की सांगता येत असेल तर त्यांनाच सांगा. तुमच्या घरात कोणाला लहान वयात अटॅक आला, कोणाला साखर आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि या विषयात ते फार कामाचं असतं. जीभ वळतच नसेल तर नाशिक लहान गाव राहिलेलं नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोड, मुंबई नाका, कुठेही एमडी मेडिसिन म्हणजे फिजिशियन गाठा, किंवा हार्मोनचे तज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. मूल होत नाही ही तक्रार असेल तर युरोलॉजिस्ट. पैशांची ओढाताण असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये केस पेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत जा. तिथल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी समुपदेशन करतात आणि रिपोर्ट गुप्त ठेवतात.

सोबत घरचं माणूस असेल तर केबिनच्या दारातच म्हणा, “आई, तू जरा बाहेर थांब, मला डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय.” आई थोडी दुखावेल. तेही जमलं नाही तर आत गेल्यावर डॉक्टरांना म्हणा, “मला दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय.” बहुतेक डॉक्टर हे लगेच ओळखतात आणि सोबतच्यांना स्वतःच बाहेर बसायला सांगतात. माझ्या वेळी हे वाक्य मला सुचलं असतं तर दोन महिने वाचले असते.

अठराच्या आतला असशील तर गोष्ट वेगळी आहे. उपचाराला आई-वडिलांची संमती लागेल, त्यामुळे आज ना उद्या घरी कळणार. पण घरी कसं सांगायचं याला डॉक्टर मदत करू शकतात, आणि त्यांच्यासमोर सांगितलेलं घरचे जास्त शांतपणे ऐकतात. तुझ्या वयात हे औषध हाडांची टोकं लवकर बंद करतं आणि उंची तिथेच थांबते. म्हणून तू थांबू नकोस, याच आठवड्यात जा.

पहिलं वाक्य

“डॉक्टर, मी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली आहेत. सगळं या कागदावर लिहिलंय. मला हा हा त्रास होतोय.” एवढंच. आधी पिंपल्सचं, मग ॲसिडिटीचं, मग झोपेचं आणि शेवटी दार उघडता उघडता “बाय द वे” म्हणून खरं सांगायचं, असं करू नका. तोवर प्रिस्क्रिप्शन लिहून झालेलं असतं, बाहेर वीस पेशंट बसलेले असतात.

अजून घेत असाल आणि लगेच सोडायचा विचार नसेल तर तेही खरं सांगा. “बंद केलं” म्हणून खोटं सांगितलंत तर पुढची प्रत्येक तपासणी चुकीची वाचली जाईल. डॉक्टर बंदच करायला सांगतील, ते त्यांचं कामच आहे. पण घेत असतानाही बीपी, रक्त, लिव्हर यांवर त्यांची नजर राहील.

कधी डॉक्टर चिडतात. मला एक जण म्हणाले होते, “मरायचंय का तुला?” मी उठून निघून आलो आणि पुढे वर्षभर कोणाकडेच गेलो नाही. ती माझी चूक. आता मी पोरांना सांगतो, की रागावले तर म्हणा, “रागवा डॉक्टर, पण आधी तपासा.” हे ऐकून न तपासणारे डॉक्टर मला फारसे भेटलेले नाहीत. तरी हाकलून दिलंच तर तोच कागद घेऊन दुसऱ्या दारात जा.

पोलिसांना कळवतील ही भीती बऱ्याच जणांना असते. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. पेशंटने उपचारासाठी सांगितलेली गोष्ट डॉक्टरांनी बाहेर फोडायची नाही, असं त्यांत लिहिलेलं आहे. अपवाद मोजके: न्यायालयाचा आदेश, दुसऱ्या कोणाच्या जिवाला गंभीर धोका, आणि सरकारला कळवावे लागणारे आजार. ही औषधं शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. तुम्ही कोणाकडून घेतलीत, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं असं नाही. कुठलं औषध, किती, कधी, एवढ्याशी त्यांना काम. फाइल घरात सगळे वाचतात, ही भीती असेल तर तसं बोला आणि फाइल स्वतःजवळ ठेवा. पण फाइलमध्ये लिहूच नका, असा आग्रह धरू नका. उद्या अपघात होऊन दुसऱ्या हॉस्पिटलात गेलात तर ती ओळ तिथे लागेल.

खरं सांगितल्याने रिपोर्ट कसा बदलतो

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी समजते, माल भरपूर आहे. ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन पाठवणं बंद करते. मग वृषणांचं काम थांबतं, ती आकाराने लहान होतात आणि वीर्यातले शुक्राणू घटत घटत शून्यावर येऊ शकतात. हा परिणाम इतका पक्का आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉन एनान्थेट पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९० मध्ये छापून आले.

आता समजा, लग्नाला दीड वर्ष झालं, मूल नाही, म्हणून तपासणी केली. शुक्राणू शून्य. टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, तिन्ही खाली. ज्या डॉक्टरांना काही सांगितलेलं नाही, ते हा कागद बघून पिट्युटरीत गाठ असेल का, या शंकेने मेंदूचा एमआरआय लिहितील. त्यांचं चूक नाही, रिपोर्ट तेच सांगतोय. त्याहून वाईट म्हणजे, टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं म्हणून कोणी टेस्टोस्टेरॉनचंच इंजेक्शन सुरू केलं तर शुक्राणू आणखी दाबले जातील. इकडे बायको सोनोग्राफी आणि हार्मोनच्या तपासण्यांच्या फेऱ्या मारत राहते. सासरचे तिच्याकडे बघत राहतात. नवऱ्याने एक वाक्य बोललं की हे सगळं थांबतं. निदान तिच्यासाठी तरी बोला. औषध थांबल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण काही महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास जातात, म्हणून वीर्याची तपासणी साधारण तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा करतात.

लिव्हरचंही असंच. लिव्हरच्या तपासणीतले एएलटी आणि एएसटी स्नायूंमध्येही असतात, त्यामुळे आदल्या दिवशी जोरात लेग डे मारला तरी ते वाढतात. जीजीटी मात्र स्नायूतून येत नाही आणि सीके स्नायूचंच असतं. हे चारही आकडे शेजारी ठेवले की लिव्हर दुखावलंय की मांड्या, ते डॉक्टरांना कळतं. तपासणीआधी तीन-चार दिवस वजनं बंद ठेवा आणि शेवटचा व्यायाम कधी केला ते सांगा. क्रिएटिनने किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन थोडं वर दिसतं, तेही सांगा. बायोटिनच्या मोठ्या डोसने हार्मोनच्या काही चाचण्या चुकतात. हृदयविकार ओळखायची ट्रोपोनिन चाचणी खोटी नॉर्मल येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये दिला होता. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळीच, उपाशीपोटी द्या.

सीबीसी या रक्ताच्या साध्या तपासणीतला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा वाटा, बघायला विसरू नका. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध घेणाऱ्यांचंसुद्धा हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं की औषध थांबवतात. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, झपाट्याने पडतं. बीपी, ईसीजी आणि गरज वाटली तर टूडी इको, हे डॉक्टर सांगतीलच.

ऑपरेशन ठरलं असेल, अगदी हर्नियाचं किंवा दाताचं, तर सर्जनशिवाय भूलतज्ज्ञांनाही तोच कागद दाखवा. टॅमॉक्सिफेनने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, मेफेंटरमाइन किंवा क्लेनब्युटेरॉलने नाडी बिघडलेली असते. भूल देणाऱ्याला हे आधी कळायलाच हवं.

मुलींसाठी

कमी लिहितोय, कारण माझा अनुभव पोरांचा जास्त. पण पाळी चुकणं, चेहऱ्यावर केस, आवाज घोगरा होणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात जा. आवाज एकदा खाली गेला की बहुधा परत येत नाही. पाळी चुकली की डॉक्टर पीसीओडी समजून उपचार सुरू करू शकतील, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सांगा. गरोदर असण्याची थोडीही शक्यता असेल तर सगळ्यांत आधी ते सांगा, पोटातल्या बाळाला या औषधाने इजा होते.

कोर्स संपल्यानंतरचे महिने

औषध थांबलं की स्वतःचं टेस्टोस्टेरॉन लगेच उभं राहत नाही. मधल्या काळात ताकद उतरते, आरशात बघवत नाही, कशातच मन लागत नाही. हे काही जणांना इतकं खोल नेतं, की जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. कागदावर ‘मूड’ अशी एक ओळ ठेवाच आणि खरी भरा. रात्री-अपरात्री असे विचार आले तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू, फुकट, मराठीतही बोलतात. घरातल्या एका माणसाला तरी जागं करा.

थांबायचं नाही अशी लक्षणं

छातीत दुखणं, दम लागणं, एकाच पायाला सूज, बोलताना जीभ अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, यांपैकी काही झालं तर अपॉइंटमेंट बघत बसू नका, १०८ ला फोन लावा. डोळे पिवळे झाले किंवा इंजेक्शनच्या जागी लाल, गरम सूज येऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि सोबतच्या मित्रांनो, तो बेशुद्ध असेल तर तुम्ही बोला. एकदा आमच्यातला एक जण स्ट्रेचरवर होता. चौघं मित्र दाराशी उभे होते आणि चौघांनाही इन्सुलिनचं ठाऊक होतं. नर्सने तिसऱ्यांदा विचारल्यावर एकाने सांगितलं. साखर तपासली, सलाइनमधून ग्लुकोज दिलं आणि थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले.

पुढच्या तारखेला जाताना पहिला कागद फेकू नका. त्याच्याच पाठीमागे नवी तारीख घाला, तेव्हापासून काय घेतलं, काय सोडलं, वजन, बीपी आणि झोप किती लागते ते लिहा आणि नवे रिपोर्ट त्यालाच टाचून न्या.